बीपी २२० आणि हॉस्पिटल पाऊण तासावर, गाडीत काय द्यायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. तुम्ही बीएएमएस, १०८ वर ड्युटीला दीड वर्ष झालं. रात्री एका वाडीवरून कॉल आला, साठीच्या पुढचे गृहस्थ, बीपी २२०/१२०, डोकं दुखतंय, गरगरतंय, एकदा उलटी झालेली, बाकी बोलणं व्यवस्थित, चारही हातपाय हलतायत. हॉस्पिटल पाऊण तासावर. मुलगा सारखा म्हणत होता आधी बीपी उतरवा मग गाडी हलवा. तुम्ही शुगर बघितली, ऑक्सिजन बघितला, शिरेत लाईन टाकून ठेवली आणि बीपीचं काहीही न देता घेऊन गेलात. तिथे कॅज्युअल्टीत सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं की जिभेखाली एक कॅप्सूल फोडायला काय झालं होतं. आता विचारताय की माझं चुकलं का, आणि गाडीत नक्की द्यायचं तरी काय.

चुकलं नाही तुमचं. मी एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावात छोटं हॉस्पिटल चालवतो, पंचवीस वर्षं होत आली. आणि तुम्हाला जे ऐकवलं गेलं तेच मी एकेकाळी दुसऱ्यांना ऐकवलेलं आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार.

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कॅज्युअल्टीच्या टेबलावर स्टीलच्या वाटीत निफेडिपिन या बीपीच्या औषधाच्या कॅप्सूल ठेवलेल्या असायच्या, शेजारी एक बारीक सुई. बीपी २०० च्या वर दिसलं की सिस्टरच विचारायच्या, सर फोडू का. सुईने भोक पाडायचं, आतलं पिवळं तेलकट औषध जिभेखाली पिळायचं आणि वीस मिनिटांनी परत मोजायचं. एकदा असेच एक आजोबा आले, सत्तरीचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेले, त्रास म्हणून काही नाही, ऑपरेशनआधीच्या तपासणीत बीपी २२०/१२० निघालं म्हणून आमच्याकडे पाठवलेले. मी कॅप्सूल फोडली. वीस मिनिटांनी ११०/७०. केसपेपरवर मी तो आकडा ठळक लिहिला, इतकं समाधान वाटलं होतं. आजी शेजारी बसून भाकरीचं फडकं सोडत होत्या, म्हणाल्या अहो दोन घास खाऊन घ्या आता. आजोबांनी उजवा हात उचलायला बघितला, तो मांडीवरून उठलाच नाही, काहीतरी बोलायला गेले तर शब्द फुटेना. चालत आलेला माणूस पुढची चार वर्षं खाटेवर होता, मुलगा गोळ्या न्यायला यायचा तेव्हा कळायचं. मला कोणी काही बोललं नाही, कारण तेव्हा सगळे हेच करायचे.

आता त्यातला हिशोब बघा. सरासरी प्रेशर काढायची आपली सोपी रीत म्हणजे खालचा आकडा अधिक दोघांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा. २२०/१२० म्हणजे सरासरी साधारण १५३. ११०/७० म्हणजे ८३. वीस मिनिटांत जवळपास निम्मं प्रेशर खाली. आणि खरीखुरी इमर्जन्सी असली तरी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, पहिल्या तासात हे सरासरी प्रेशर पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायचं नाही असं गाइडलाइन्स सांगतात, म्हणजे या माणसाचं सरासरी प्रेशर पहिल्या तासात ११५ च्या खाली, किंवा वरचा आकडा साधारण १६५ च्या खाली, आणायचंच नव्हतं. त्यानंतरच्या दोन ते सहा तासांत १६०/१०० पर्यंत, आणि नॉर्मलला यायला पुढचे एक-दोन दिवस. आजोबांना तर काही त्रासच नव्हता, त्यांना त्या तासात एक पॉइंटसुद्धा उतरवायची गरज नव्हती.

असं का होतं? मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःच आकसतात, स्वतःच सैल होतात आणि वरचं प्रेशर कमीजास्त झालं तरी आतला पुरवठा सारखा ठेवतात. चांगल्या माणसात हे साधारण ६० ते १५० सरासरी प्रेशरच्या पट्ट्यात नीट चालतं. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असलं की वाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि हा अख्खा पट्टा वर सरकतो, म्हणजे आपल्याला जे ८०-८५ अगदी ठीक वाटतं ते त्यांच्या मेंदूला दुष्काळासारखं. कॅनॉलच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्यांची शेती आहे त्यांना हे पटकन कळेल. वरून पूर्ण दाबाने पाणी सोडलं तरच टेलच्या शेतात थोडंफार पोचतं, वरचं गेट अचानक अर्ध्यावर आणलं की हेडजवळच्यांना फरक पडत नाही, टेलचा माणूस मात्र कोरडा राहतो. मेंदूत, हृदयात, किडनीत असे टेलचे भाग असतात, आणि मरतात ते पहिले.

निफेडिपिनचं आणखी एक सांगतो, कारण जिभेखाली या शब्दावर लोकांचा फार विश्वास आहे. ते औषध जिभेखालून जवळजवळ शोषलंच जात नाही. पेशंट ते लाळेबरोबर गिळतो आणि खरं शोषण आतड्यात होतं, द्रवरूप असल्यामुळे एकदम होतं, म्हणून बीपी किती पडणार आणि कधी थांबणार यावर आपला काही ताबा नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९८५ मध्येच या वापराला मान्यता द्यायला नकार दिला होता. १९९६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये पेपर आला, त्यात स्ट्रोक, हार्ट अटॅक, मृत्यू अशा घटना गोळा करून ही पद्धत थांबवा असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे मी कॅप्सूल फोडत होतो तेव्हा हे छापून आलेलं होतं, माझ्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनंतरही तुम्हाला तेच ऐकवलं जातंय याचं मला मनापासून वाईट वाटतं. हळूहळू सुटणाऱ्या, रोज घ्यायच्या निफेडिपिनच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे, त्या बंद करा असं कोणी वाचू नका.

मग गाडीत करायचं काय. आधी मोजणं. हलत्या गाडीत, जाड बाह्यांच्या स्वेटरवरून, बारीक पट्टा जाड दंडाला गुंडाळून मोजलेलं २२० हे कदाचित १९० असेल. पट्टा दंडाच्या मापाचा, दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीला, गाडी उभी असताना एकदा आणि दोन्ही हातांत. मग बीपी का वाढलंय ते बघा. दुखतंय का, श्वास कोंडतोय का, घाबरलाय का, लघवी तुंबलीय का. लघवीचं मुद्दाम सांगतो, प्रोस्टेटचे म्हातारे गृहस्थ, पोट फुगलेलं, बीपी २१०, आणि सगळे बीपीच्या मागे. कॅथेटर टाकला, सातआठशे मिली लघवी निघाली, बीपी १५०. कसल्याही औषधाविना. पेनकिलरच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, स्टिरॉइड चालू आहे का तेही विचारा.

मोजून झालं की पुढचा प्रश्न एकच, कुठला अवयव आत्ता या क्षणी धोक्यात आहे का. मेंदू, हृदय, फुप्फुस, महाधमनी, किडनी, आणि बाई गरोदर असेल तर ती आणि बाळ. यातलं काहीच नसेल तर आकडा २२० असला तरी ती घाईची इमर्जन्सी नाही, पूर्वी याला अर्जन्सी म्हणायचे, आता तो शब्दही मागे पडत चाललाय कारण त्या शब्दामुळेच लोक घाई करतात. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकने त्यांच्या ओपीडीतल्या अशा ५८ हजारांवर पेशंटचा डेटा तपासला, २०१६ मध्ये छापला. सगळ्यांचं बीपी १८०/११० किंवा वर, पण तातडीचा त्रास नाही. सहा महिन्यांत हार्ट किंवा स्ट्रोकची मोठी घटना शंभरात एकालाही झाली नाही, आणि ज्यांना हॉस्पिटलला पाठवलं आणि ज्यांना घरी पाठवलं त्यांच्यात फरक पडला नाही. अशा माणसाला शांत बसवा किंवा पडू द्या, अर्ध्या तासाने परत मोजा, बऱ्याच जणांचं तेवढ्यानेच उतरतं. रोजची गोळी चुकलेली असेल तर तीच, तिच्याच डोसमध्ये द्या. आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवायला लावा, ते मात्र टाळू देऊ नका.

आता स्ट्रोक. तुमच्या गाडीत बीपी उतरवायचा सगळ्यात मोठा मोह याच पेशंटला होणार. तोंड वाकडं, हात पडलेला, बोलणं जड, आणि बीपी २१०. नातेवाईकांना वाटतं बीपीने लकवा झाला म्हणजे बीपी उतरलं की लकवा सुटेल. पण बहुतेक वेळा गुठळी अडकलेली असते आणि वाढलेलं बीपी हे शरीराने आजूबाजूच्या वाटांनी त्या भागाला रक्त पोचवायची केलेली धडपड असते. ते पाडलं तर वाचू शकणारा भाग आपणच मारला. म्हणून गुठळीच्या स्ट्रोकमध्ये २२०/१२० च्या आत असेल तर हॉस्पिटलमध्येसुद्धा हात लावत नाहीत. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं असेल तर १८५/११० च्या खाली आणावं लागतं, पण ते सीटी झाल्यावर, शिरेतून, मोजून मापून. रक्तस्राव असेल तर उलट, तिथे लवकर १४० च्या आसपास आणलेलं चांगलं. आणि हा स्ट्रोक गुठळीचा की रक्तस्रावाचा हे गाडीत बसून कुठल्याही डॉक्टरला छातीठोकपणे सांगता येत नाही, मला तर नाहीच नाही.

यावर ॲम्ब्युलन्समध्येच अभ्यास झालेत, आणि ते तुम्ही कॅज्युअल्टीत बोलणाऱ्यांना जरूर सांगा. ब्रिटनमध्ये पॅरामेडिक्सनी गाडीतच नायट्रोग्लिसरीनचा पॅच लावून बघितला, अकराशेवर पेशंट, २०१९ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. नेदरलँड्समध्ये तोच पॅच लावला तर रक्तस्राव झालेल्या पेशंटमध्ये सुरुवातीच्या दिवसांतले मृत्यू जास्त दिसायला लागले, अभ्यास मधेच थांबवावा लागला. मग चीनमध्ये साधारण २४०० पेशंट घेऊन युरॅपिडिल नावाचं औषध गाडीतच शिरेतून दिलं, २०२४ मध्ये छापून आलं. एकूण बेरीज केली तर फरक काहीच नाही, पण आत उघडून बघितलं तर रक्तस्रावाच्या पेशंटना फायदा झालेला आणि गुठळीच्या पेशंटचं नुकसान झालेलं, दोन्ही एकमेकांना खाऊन शून्य. तिथे जवळपास निम्मे पेशंट रक्तस्रावाचे होते तरी ही गत. जर्मनीत वगैरे काही ठिकाणी गाडीतच सीटी मशीन असतं, तिथली गोष्ट निराळी. आपल्याकडे गाडीत सीटी नाही तोवर स्ट्रोकच्या पेशंटला बीपीचं औषध न देणं हाच उपचार आहे, आणि तो तुम्ही बरोबर केलात.

त्याऐवजी जे करायचं ते असं. शुगर बघायची, कारण शुगर ५० झालेला माणूसही लकव्यासारखाच दिसतो आणि ग्लुकोज दिल्यावर उठून बसतो. पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ घ्यायची. कधी कळलं ही वेळ नको, शेवटचा बरा कधी होता ती, कारण इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात. गिळता येतं का हे न बघता तोंडात काही टाकायचं नाही, पाणीसुद्धा नाही. आणि सीटी असलेल्या हॉस्पिटललाच, आधी फोन करून.

तुमच्या पेशंटबद्दल एक गोष्ट मात्र मला खटकली, ती सांगतो, राग मानू नका. गरगरणं, उलटी, डोकं दुखणं आणि हातापायात ताकद व्यवस्थित, हे लहान मेंदूच्या स्ट्रोकचंही चित्र असू शकतं. त्यात हात पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत तो निसटतो. बोट नाकाला लावायला सांगायचं, टाचेने दुसऱ्या पायाची नडगी खाली घासायला सांगायची, आधार देऊन बसवून बघायचं, एका बाजूला कलंडतोय का. दोन मिनिटांचं काम आहे. अशा माणसाचं बीपी घाईने पाडणं किती महागात पडलं असतं याचा विचार करा. उलट बीपी खूप जास्त, नाडी मात्र हळू, ५० च्या आसपास, आणि पेशंट पेंगायला लागलाय असं दिसलं तर डोक्यातलं प्रेशर वाढतंय असं समजा, डोकं तीस अंश वर घ्या, श्वासमार्ग सांभाळा आणि गाडी पळवा.

आता जिथे गाडीतलं औषध खरोखर जीव वाचवतं ते सांगतो, कारण काहीच द्यायचं नाही असा अर्थ कोणी काढायला नको. पहिलं म्हणजे फुप्फुसात पाणी भरणं. पहाटेचा कॉल, पेशंट खिडकीच्या गजाला धरून बसलाय, आडवा होऊ शकत नाही, घामाने भिजलेला, एका वेळी दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, छातीत दोन्हीकडे बुडबुडे, तोंडाला गुलाबी फेस, बीपी २३०/१३०. इथे बीपी हाच शत्रू आहे, हृदय त्या दाबाविरुद्ध ढकलू शकत नाहीये. आडवं करू नका, पाय खाली सोडून बसवा, ऑक्सिजन, गाडीत सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) असेल तर लगेच मास्क. आणि जिभेखाली नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध), स्प्रे असेल तर स्प्रे, नसेल तर सॉर्बिट्रेट ५ ची गोळी, पाच ते दहा मिनिटांनी बीपी बघून परत. वरचा आकडा ११०-१२० कडे यायला लागला की थांबायचं. नायट्रेट खरोखर जिभेखालून शोषलं जातं, दोन-तीन मिनिटांत काम सुरू होतं आणि लवकर ओसरतं, म्हणून ते हातात राहतं. लॅसिक्स (लघवी वाढवणारं इंजेक्शन) द्या, पण त्याच्यावर विसंबू नका, लघवी होऊन फुप्फुस मोकळं व्हायला वेळ लागतो, पहिली वीस मिनिटं नायट्रेट आणि मास्क सांभाळतात. मी असा पेशंट हॉस्पिटलच्या दारात उतरताना पूर्ण वाक्य बोलताना बघितलाय, घरून निघताना ज्याचे ओठ काळे पडले होते. देण्याआधी एक प्रश्न विचारायलाच पाहिजे, गेल्या एक-दोन दिवसांत ताकदीची गोळी घेतली का, सिल्डेनाफिल वगैरे. बायकामुलांसमोर खरं सांगणार नाहीत, सगळ्यांना बाजूला करून विचारा. घेतली असेल तर नायट्रेट देऊ नका.

छातीत दुखतंय आणि बीपी जास्त आहे, तर ईसीजी, ॲस्पिरिन चावून, आणि तेच नायट्रेट, त्याच काळजीने. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक दिसत असेल तर नायट्रेटने बीपी धाडकन पडू शकतं, तिथे हात आवरा. पण पाठीत खांद्याच्या पात्यांमध्ये फाटल्यासारखी कळ, एकदम सुरू झालेली, दोन हातांच्या बीपीत २० च्या वर फरक, तर महाधमनी फाटतेय असा संशय घ्या. तिथे ॲस्पिरिन नको. दुखणं कमी करा, आणि लॅबेटॅलॉल (नाडी आणि बीपी दोन्ही उतरवणारं औषध) असेल आणि वापरायची सवय असेल तर शिरेतून २० मिलिग्रॅम, दोन मिनिटांत सावकाश, मॉनिटरवर नजर ठेवून. आधी नाडी साठच्या आसपास आणायची आणि मग बीपी १२० कडे, हा एकच आजार जिथे एवढं खाली इतक्या लवकर आणायचं असतं. दमा असलेल्याला, नाडी आधीच हळू असलेल्याला, आणि वर सांगितलेल्या फुप्फुसात पाणी झालेल्याला लॅबेटॅलॉल नाही.

गरोदर बाईचे नियम पूर्ण वेगळे, ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात ठेवा. तिथे १६०/११० हीच इमर्जन्सी. वीस आठवड्यांच्या पुढची बाई किंवा बाळंत होऊन थोडे दिवस झालेली, पंधरा मिनिटांनी परत मोजून तेवढंच आलं तर अर्ध्या ते एक तासात औषध गेलंच पाहिजे, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊन तरणीताठी बाई जाते. आणि इथे आपल्या नागपूरचा अभिमान वाटावा असा अभ्यास आहे. तिथल्या दोन सरकारी हॉस्पिटलांत ८९४ बायकांवर तोंडाने घ्यायची तीन औषधं तपासली, निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा, २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. सहा तासांत बीपी आटोक्यात आणि काही वाईट न होता, हे निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के बायकांत साधलं. म्हणजे जिथे शिरेतून द्यायची सोय नाही, मॉनिटर नाही, तिथेही गोळीने काम होतं. निफेडिपिन १० मिलिग्रॅम तोंडाने गिळायला, तासाने बीपी बघून परत, असं एकूण ३० मिलिग्रॅमपर्यंत. फोडून नाही, टोचून नाही, गिळायला. औषध तेच जे आजोबांना दिलं होतं, पण या बाईच्या रक्तवाहिन्या तरण्या आहेत, बीपी काही दिवसांत चढलंय, तिच्या मेंदूचा तो प्रेशरचा पट्टा वर सरकलेला नाही, आणि डोस मोजून, उतरवायचंही १४०-१५० पर्यंतच, कारण फार पाडलं तर वारेतून बाळाला रक्त कमी पडतं. आकडी आली असेल किंवा डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय असं असेल तर मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन), दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोलवर, हे तर आपल्या एएनएम ताईंनाही शिकवलेलं आहे, आणि डाव्या कुशीवर झोपवून न्यायचं. मॅगसल्फ आकडीसाठी आहे, बीपीचं औषध त्याच्याबरोबर वेगळं द्यावंच लागतं, ही गल्लत फार होते.

कोकणात ड्युटी लागली तर आणखी एक. लाल विंचू चावल्यावर शरीरात ॲड्रेनालिनचा पूर येतो, मूल घामाने थबथबतं, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, बीपी चढतं आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉक्टर हिम्मतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिनची साधी गोळी वापरली आणि पूर्वी जिथे असे गंभीर पेशंट शंभरात पंचवीस-तीस दगावायचे तिथे ते शंभरात एखाद्यावर आलं. किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, साधी गोळी, हळू सुटणारी नको, आणि दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, आईने कडेवर उभं घेतलं की बीपी पडतं. हॉस्पिटलला पोचायच्या आधी, प्राथमिक केंद्रात दिलेली ही गोळी आहे, म्हणून इथे सांगितली.

बाकी दोन सवयींबद्दल थोडक्यात. बीपी जास्त दिसलं की लॅसिक्स ठोकायची सवय चुकीची, फुप्फुसात पाणी नसेल तर अशा पेशंटचं शरीर बऱ्याचदा आधीच कोरडं असतं, आणखी पाणी काढलं की किडनी बसते. क्लोनिडिन देऊन बीपी उतरवायचं आणि मग पेशंटने ते घेणं बंद केलं की उसळून पहिल्यापेक्षा वर, तेही टाळा.

घरच्यांपैकी कोणी हे वाचत असेल आणि विचारत असेल की घरी इमर्जन्सीसाठी कुठली गोळी ठेवू, तर बीपी वाढलं की घ्यायची अशी वेगळी गोळी ठेवू नका. रोजच्या गोळ्या महिनाभर पुढच्या असाव्यात, संपायच्या चार दिवस आधी आणा. सरकारी केंद्रात ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन फुकट मिळतं. माझ्याकडे २००-२२० घेऊन येणाऱ्या माणसांचा खिसा तपासला तर बहुतेक वेळा गोळ्यांचं रिकामं पाकीट निघतं, किंवा दोन महिन्यांपूर्वी नॉर्मल आलं म्हणून बंद केल्या असं उत्तर. तुम्ही पेशंटला घेता तेव्हा ते पाकीट बरोबर घ्या, शेवटची गोळी कधी घेतली ते विचारा.

आणि नातेवाईकांचं. मुलगा ओरडतो कारण त्याला आकडा दिसतोय आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय असं वाटतंय. त्याला दोन वाक्यांत सांगायचं, "बीपी एकदम पाडलं तर बाबांच्या मेंदूला रक्त कमी पडेल. डोक्याचा फोटो झाला की तिथले डॉक्टर हळूहळू उतरवतील, मी दर दहा मिनिटांनी मोजतोय." आणि खरंच मोजा, त्याच्यासमोर, आकडा मोठ्याने सांगा. माझा अनुभव आहे की आकडा खाली आला नाही तरी कोणीतरी लक्ष ठेवून आहे एवढं दिसलं की माणूस शांत होतो, आणि तो शांत झाला की बापाचंही पाच-दहाने उतरतं.

कॅज्युअल्टीतल्या बोलण्यासाठी पुढच्या वेळेपासून एक करा. पेशंट सोपवताना जो कागद देता त्यावर बीपीचे सगळे आकडे वेळेसकट, दोन्ही हातांचे, शुगर, शेवटचा बरा कधी दिसला ती वेळ, रोजच्या गोळ्या कुठल्या आणि कधीपासून चुकल्यात. आणि खाली एक ओळ स्पष्ट अक्षरात, गाडीत बीपीचं औषध दिलेलं नाही, स्ट्रोकचा संशय आहे आणि सीटी व्हायचा आहे. वेळ टाका, सही करा. आणि जमलं तर उद्या फोन करून त्या गृहस्थांच्या सीटीत काय निघालं ते विचारा, मलाही कळवा.